वजनावर न विकली जाणारी चांदी

सराफाच्या पेढीवर पैंजणांचा जोड हातात आला की गिऱ्हाईक आधी तो तळहातावर तोलतं. मग काटा, मग त्या दिवसाचा भाव, मग घडणावळ, आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न : उद्या मोडायला आणला तर किती मिळतील? चांदीचा आपला सगळा व्यवहार या हिशेबावर चालत आला आहे आणि त्यात गैर काही नाही. अडीअडचणीला दागिना मोडता यावा म्हणूनच तर तो घेतला जातो. कोल्हापूरजवळच्या हुपरीत, जिथे घरोघरी चांदीचं काम चालतं, तिथेही बोलणं सुरू होतं ते वजनापासूनच.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र चांदीचा असा एक प्रकार जगभरच्या छोट्या कलाकारांच्या टेबलावर आला आहे, की ज्याला हा हिशेब लावला तर करणारा उपाशी मरेल. त्याला म्हणतात मेटल क्ले, म्हणजे धातूची माती. पुडी फोडली की आत करड्या-पांढऱ्या रंगाचा ओलसर गोळा निघतो. मळलेल्या कणकेसारखा तो लाटता येतो, कापता येतो, त्यावर ठसे उमटवता येतात. वाळवून भाजला की हातात उरते ती शुद्ध चांदी. ना मूस, ना ऐरण, ना ओतकाम. सोनारकामाची एकही पायरी न शिकलेला माणूस दुपारी लाटायला बसून संध्याकाळी चांदीचं पान गळ्यात घालू शकतो. यात जादू नाही, पण जाहिराती सांगतात तितकं ते सोपंही नाही. अवघड भाग माती भट्टीतून बाहेर आल्यावर सुरू होतो, किंमत ठरवायला बसल्यावर.

ही माती जपानची. मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीतले संशोधक मासाकी मोरिकावा यांनी 1990 च्या सुमारास ती घडवली. कंपनीने तिला नाव दिलं प्रेशस मेटल क्ले, आणि आजही कलाकार तिला नुसतं पीएमसी म्हणतात. पाठोपाठ त्याच दशकात आयदा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीने आर्ट क्ले सिल्व्हर आणली. या कंपनीचा मूळ धंदा टाकाऊ मालातून मौल्यवान धातू परत मिळवण्याचा, त्यामुळे चांदीची बारीक पूड ही तिच्या हातातलीच गोष्ट होती. अमेरिकेत ही माती रुजवण्यात टिम मॅक्राइट यांचा वाटा मोठा आहे. ते स्वतः रीतसर धातुकाम करणारे आणि शिकवणारे. ऐरणीवर हात बसलेल्या माणसाने या मातीची शिफारस केली, म्हणून इतर कारागिरांनी तिच्याकडे निदान वळून तरी पाहिलं. नाहीतर हौशी लोकांचं खेळणं म्हणून ती कधीच बाजूला पडली असती. अजूनही काही जुने कारागीर तिला खेळणंच म्हणतात.

गोळ्यात असतं काय? चांदीचे अतिसूक्ष्म कण, साधारण 20 मायक्रॉनच्या आतले. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करावा. या कणांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजपासून केलेलं बंधक, आणि उरलेलं पाणी. वजनाने पाहिलं तर गोळ्यात चांदी सुमारे नव्वद टक्के. वाळवताना पाणी जातं, भाजताना बंधक जळून जातं, आणि चांदीचे कण एकमेकांना जुळतात.

हे जुळणं म्हणजे वितळणं नव्हे, आणि इथेच या मातीचं सगळं विज्ञान आहे. शुद्ध चांदी वितळते 962 अंश सेल्सिअसला. माती भाजली जाते त्याच्या बऱ्याच खाली, प्रकारानुसार 650 ते 900 अंशांवर. इतक्या उष्णतेत कण घनच राहतात, पण त्यांच्या पृष्ठभागावरचे अणू हलू लागतात. बारीक कणांच्या भुकटीत पृष्ठभाग अफाट असतो आणि निसर्गाला तो कमी करायची घाई असते. मग दोन कण जिथे टेकले असतील तिथे अणू गोळा होतात, एक बारीकशी मान तयार होते, ती मान जाड होत जाते आणि मधल्या पोकळ्या आक्रसतात. याला सिंटरिंग म्हणतात. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून याच तत्त्वाने बनत आली, कारण टंगस्टन वितळवणं आवाक्याबाहेरचं होतं. त्याहून थक्क करणारं उदाहरण दक्षिण अमेरिकेतलं आहे. आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावर, ला तोलिता भागातले सोनार स्पॅनिश लोक तिथे पोचण्याच्या कित्येक शतकं आधी प्लॅटिनमचे दागिने करत होते. प्लॅटिनम वितळायला 1768 अंश लागतात आणि तेवढी भट्टी त्यांच्याकडे नव्हती. ते प्लॅटिनमच्या कणांत थोडं सोनं मिसळत, ते वितळून कणांना धरून ठेवी, आणि पुन्हा पुन्हा तापवून-ठोकून एकजीव धातू तयार होई. मोरिकावांच्या मातीचे पूर्वज शोधायचे तर ते असे दूरवर सापडतात.

पोकळ्या आक्रसतात म्हणजे दागिनाही आक्रसतो. नव्या माणसाची पहिली गफलत इथे होते. मित्सुबिशीची सुरुवातीची माती लांबी-रुंदीत जवळपास 28 टक्के आकसत असे, म्हणजे 10 सेंटिमीटरचं पान भाजल्यावर 7.2 सेंटिमीटर. हा आकडा पानाच्या लांबीचा झाला. जाडीही त्याच प्रमाणात घटते, म्हणून आकारमान 37 टक्क्यांवर येतं. नंतरच्या मातींमध्ये कणांच्या आकाराची मिसळ सुधारली आणि आकसणं 8 ते 15 टक्क्यांवर आलं. लटकन लहान झालं तर बिघडत नाही, अंगठीचं तसं नाही. आतला व्यास 17 मिलिमीटर हवा आणि माती 10 टक्के आकसणारी असेल, तर ओली अंगठी जवळपास 19 मिलिमीटरची करावी लागते. शिवाय अंगठी सगळीकडून सारखी आकसेलच असं नाही. वर जाड फूल आणि खाली बारीक पट्टी असेल तर ती वेडीवाकडी होते. म्हणून अनुभवी लोक भाजताना अंगठीच्या आत हव्या त्या मापाची, उष्णता सोसणारी गुटी बसवतात. माती आकसत येते आणि गुटीवर येऊन थांबते. भाजून झाल्यावर गुटी पाण्यात विरघळवून काढायची.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टेबलावर चिकटू नये म्हणून टेफ्लॉनचा कागद, हाताला ऑलिव्ह तेलाचा नुसता स्पर्श. जास्त तेल लागलं तर मातीच्या घडीत शिरतं आणि नंतर तिथेच चीर पडते. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या सारख्या गड्ड्या ठेवतात आणि त्यावरून लाटणं फिरवतात, म्हणजे चकती सगळीकडे सारख्या जाडीची होते. चार पत्त्यांची जाडी, तीन पत्त्यांची जाडी अशीच या लोकांची बोलीभाषा आहे. पत्त्यांचा इतका निरुपद्रवी उपयोग दुसरा कुठला नसेल. मग लाटलेल्या चकतीवर पोत उमटवायचा : पिंपळाचं वाळकं जाळीदार पान, लेसचा तुकडा, कापडावर छपाई करायचा लाकडी ठसा. करंजीच्या कातण्याने कडेला नागमोड देता येते आणि ती फार गोड दिसते. फक्त ते कातणं पुन्हा फराळाकडे नेऊ नये. आणखी एक पथ्य : ॲल्युमिनियमचं भांडं किंवा पत्रा ओल्या चांदीला लावायचा नाही. त्याने माती बिघडते आणि भाजल्यावर डाग पडतात.

हे सगळं भरभर उरकावं लागतं, कारण माती वाळते. पंखा चालू असेल तर काही मिनिटांत कडांना भेगा दिसू लागतात. मुंबईच्या दमट हवेत थोडी सवड मिळते. मे महिन्यात नागपूरला बसलात तर ओलं फडकं जवळच हवं. वाळलेला तुकडा मात्र वाया जात नाही. कुटून पाणी घातलं की पुन्हा माती, जास्त पाणी घातलं की रबडी. ही रबडी म्हणजे या कामातला डिंक. दोन भाग जोडायला, भेग बुजवायला तीच लागते. आणि तिचा सगळ्यात सुंदर उपयोग म्हणजे झाडाचं खरं पान घेऊन त्याच्या मागच्या, शिरा उठून दिसणाऱ्या बाजूवर ब्रशने रबडीचे थर चढवायचे. एक थर वाळला की दुसरा, असे दहा-बारा. मग पानासकट भट्टीत. पान जळून जातं आणि त्याची शीर न् शीर चांदीत उतरलेली असते. बाजारात या पानांना मरण नाही. त्यामुळे ती करणारेही फार झाले आहेत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

वाळल्यावर तुकडा खडूसारखा होतो, आणि खरा कारागीर कोण हे याच टप्प्यावर कळतं. कडा घासायच्या, कोपरे गोल करायचे, कडीसाठी भोक पाडायचं, बोटांचे ठसे पुसायचे. खडूवर पाच मिनिटांत होणारं काम भाजल्यावर कानशीने तासभर खातं. घासताना पडलेली भुकटी झटकून टाकायची नाही, ती रबडीच्या बाटलीत जाते. सराफ कट्ट्यावरची माती चाळून सोन्या-चांदीचे कण काढणाऱ्या झारेकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तुकडा पुरता वाळला का हे पाहायची युक्तीही साधी आहे. किंचित कोमट तुकडा आरशावर ठेवायचा आणि उचलायचा. खाली धुकं धरलं तर आत पाणी आहे. तसाच तापवला तर आतल्या वाफेने तो फुगतो किंवा फुटतो.

छोटा तुकडा भाजायला भट्टीच हवी असं नाही. गॅसचा छोटा टॉर्च आणि भट्टीची वीट यावर भागतं. खोलीत उजेड कमी ठेवायचा, कारण सगळा खेळ रंगाचा आहे. ज्योत फिरवताच आधी धूर येतो, मग तुकड्यावर एक लहानसा जाळ उठतो. ते बंधक जळतंय, घाबरायचं कारण नाही. जाळ विझला की तुकडा पांढरा पडतो आणि हळूहळू पिकल्या जर्दाळूसारखा केशरी तेजाळतो. तो रंग धरून ठेवायचा, आकारानुसार दीड मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत. पृष्ठभाग आरशासारखा चमकू लागला की ताबडतोब ज्योत दूर. ती चमक वितळण्याची पहिली खूण असते आणि पुढच्या दोन सेकंदांत पानाचा थेंब होतो.

भाजून निघालेला तुकडा हातात घेतल्यावर बहुतेकांचा विरस होतो. तो चुन्यासारखा पांढराफटक असतो. ही घाण नव्हे. पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि प्रकाश सगळीकडे विखरून टाकतो, एवढंच. पितळी किंवा पोलादी तारांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासला की ते उंचवटे दाबले जातात आणि पांढऱ्यातून चांदी वर येते. पुढे हवं तर ओपणीने चकाकी द्या, हवं तर गंधकाच्या द्रावणात बुडवून खोलगट जागा काळ्या करा आणि उंच रेषा उजळा. मंदिरातल्या जुन्या चांदीला जी खोली असते ती अशीच काळ्या-पांढऱ्याच्या खेळातून येते.

खड्यांचं प्रकरण थोडं नाजूक आहे. क्युबिक झिरकोनिया आणि प्रयोगशाळेत केलेले माणिक-नीलम ओल्या मातीत बसवून तसेच भाजता येतात. माती आकसताना खड्याला घट्ट धरते, वेगळं कोंदण लागत नाही. पण असा दागिना गरम असताना पाण्यात टाकायचा नाही, खडा तडकतो. मोती, पोवळं, पिरोजा, ओपल यांना भट्टीत जागा नाही, आणि जांभळा ॲमेथिस्ट उष्णतेने रंग बदलतो. ते सगळं भाजून झाल्यावर, सोनाराच्या जुन्या पद्धतीने.

आता या मातीची मर्यादा, कारण विकणारे ती हळू आवाजात सांगतात. सिंटरिंग कितीही चांगलं झालं तरी आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. तार ओढून, पत्रा ठोकून केलेल्या चांदीइतका हा धातू दाट आणि चिवट नसतो. त्यातून ही चांदी 999, म्हणजे जवळजवळ निर्भेळ. 925 मध्ये, म्हणजे हजारात 925 भाग चांदी असलेल्या मिश्रणात, जे तांबं असतं ते चांदीला कणखर करण्यासाठीच असतं. ‘जितकं शुद्ध तितकं चांगलं’ हे देवघरातल्या निरांजनाला लागू पडेल, रोज दाराच्या कडीवर आपटणाऱ्या अंगठीला नाही. मातीच्या पातळ बांगड्या, साखळीच्या कड्या, खड्याची बारीक नखं करू नयेत. कर्णफुलं, लटकनं, ब्रोच हे तिचं खरं क्षेत्र. शुद्ध चांदीचे फायदेही आहेत. ती उशिरा काळी पडते, मीनाकारीला 925 पेक्षा सोपी जाते, आणि कोरियात चालत आलेल्या क्यूम-बू पद्धतीने तिच्यावर सोन्याचा वर्ख नुसत्या उष्णतेने आणि दाबाने कायमचा बसवता येतो. वर्खाचा एक कोपरा बसवला की साध्या पानाचं रूप पालटतं.

925 ची मातीही आता मिळते. ती भाजणं जास्त कटकटीचं असतं, कारण तिच्यातल्या तांब्याला हवेत गंज चढतो. म्हणून आधी उघड्यावर भाजून बंधक जाळायचं आणि मग ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये पुरून दुसऱ्यांदा भाजायचं. नुसत्या तांब्या-काशाच्या मातींनाही बहुतेक वेळा असाच कार्बन लागतो. बिल स्ट्रुव्ह या अमेरिकी संशोधकाने 2008 मध्ये काशाची माती बाजारात आणली आणि ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांचा रस्ता मोकळा झाला. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नारळाच्या करवंटीचा कार्बन भरायचा, त्यात दागिने पुरायचे आणि भट्टीत कित्येक तास ठेवायचे. कार्बन प्राणवायू खातो, धातू वाचतो. मात्र यासाठी भट्टी हवीच. आणि चांदी व तांब्याची हत्यारं, भुकटी, डबे वेगळे ठेवा. हा नुसता टापटिपीचा नियम नव्हे. चांदी आणि तांबं एकमेकांना टेकली तर त्यांचं मिश्रण 779 अंशांनाच वितळू लागतं, दोघांच्याही स्वतःच्या वितळणबिंदूच्या खूप खाली. चांदीच्या पानावर तांब्याचा एक कण राहिला तर भट्टीत तिथे भोक पडू शकतं. तांब्याची वाळलेली माती घासताना तोंडावर मास्क हवा, तेही लक्षात असू द्या.

मग येतो तो पैशांचा प्रश्न. चांदीची माती चांदीच्या बाजारभावाने मिळत नाही. पूड करणं, ती सारखी राखणं, बंधक, पेटंटं, जपानहून येणं, आपल्याकडे वर आयात शुल्क. ग्रॅममागे ती बाजारभावापेक्षा बरीच महाग पडते. 8 ग्रॅम माती वापरली तर हातात चांदी उरते 7 ग्रॅमच्या आसपास. ती सराफाकडे मोडायला नेली तर मातीची किंमतसुद्धा निघणार नाही. म्हणजे वजन गुणिले भाव अधिक थोडी घडणावळ, हे सूत्र लावलं की कलाकार पहिल्याच दागिन्याला खड्ड्यात जातो. दुर्दैवाने सुरुवातीला सगळे तेच लावतात, कारण गिऱ्हाईक त्याच सूत्रात विचारतं.

त्याऐवजी हिशेब वेळेपासून मांडावा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. एका लटकनाला लाटणं-कापणं एक तास, घासणं पाऊण तास, भाजणं आणि ब्रश पाऊण तास, फोटो काढणं, नोंद करणं, बांधून पाठवणं अर्धा तास. झाले तीन तास. तासाला 300 रुपये धरले तर 900. वीज-गॅस, झिजणारे ब्रश, खोका, कधीमधी फुटणारा तुकडा यांचे 200. हे 1100 रुपये दागिना 4 ग्रॅमचा असो की 9 ग्रॅमचा, तितकेच राहतात. त्यात माती मिळवायची. आणि मातीची किंमत गेल्या पुडीची नाही, पुढची पुडी ज्या भावाने मिळणार त्या भावाने धरायची. चांदीचा भाव चढत असताना जुन्या भावाने विकलेला प्रत्येक दागिना म्हणजे भांडवलाला लागलेलं भोक असतं.

हा झाला खर्च. ही विक्रीची किंमत नव्हे, आणि इथेच घरबसल्या कलाकार दुसऱ्यांदा अडकतात. मैत्रिणींना खर्चाच्याच भावाने दिलं, सगळ्या खूश झाल्या. उद्या एखादं दुकान किंवा कलादालन म्हणालं की आमच्याकडे ठेवा, आम्ही चाळीस ते पन्नास टक्के घेऊ, तर? पाश्चात्त्य देशांत कलादालनांचा हिस्सा सर्रास एवढा असतो. तेव्हा किंमत दुप्पट करावी लागते आणि जुनं गिऱ्हाईक विचारतं, परवा तर निम्म्यात दिलं होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून दुकानातली किंमत लावा आणि स्वतः विकतानाही तीच ठेवा. स्वतः विकणं काही फुकट नसतं. 2005 मध्ये सुरू झालेलं एट्सी हे हस्तकलेचं मोठं ऑनलाइन बाजारपेठ-संकेतस्थळ दर नोंदीला 20 सेंट घेतं आणि 2022 पासून विक्रीवर साडेसहा टक्के, तेही टपालखर्च धरून. पैसे वळते करण्याचे वेगळे. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवासारख्या ठिकाणी उभं राहायचं तर दिवस जातो, भाडं जातं, आणि शंभर जण हातात घेऊन ‘किती ग्रॅम?’ विचारतात.

त्या प्रश्नाला उत्तर टाळू नये. वजन सांगावं, शुद्धता सांगावी आणि लगेच पान कुठल्या झाडाचं, ठसा कुठून आला, खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे सांगावं. ज्याला चांदी साठवायची आहे त्याला सराफाकडे पाठवावं, अगदी मनापासून, कारण त्याला तिथेच योग्य माल मिळेल. चित्र विकत घेणारा कॅनव्हासचं वजन करत नाही हे खरं, पण ते तोंडावर ऐकवणारा विक्रेता फार दिवस टिकत नाही.

शुद्धतेची गोष्ट निघालीच आहे तर कायद्याचं थोडं. ब्रिटनमध्ये 1973 चा हॉलमार्किंग कायदा आहे. 7.78 ग्रॅमपेक्षा जड वस्तू हॉलमार्क न करता चांदीची म्हणून विकणं तिथे गुन्हा. लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिनबर्ग इथल्या चार तपासणी कार्यालयांपैकी एकात कलाकाराला स्वतःच्या आद्याक्षरांचा ठसा नोंदवावा लागतो. स्वयंपाकघरात लाटून केलेल्या पानालाही हेच लागू. त्यामुळे तिथले बरेच कलाकार 7.78 च्या आतच राहतात, आणि मातीची हलकी लटकनं त्या मर्यादेत छान बसतात. अमेरिकेत 1906 पासूनचा कायदा वेगळ्या वाटेने जातो : शुद्धतेचा आकडा मारलाच पाहिजे असं नाही, पण मारलात तर शेजारी तुमचं स्वतःचं चिन्ह हवं, म्हणजे खोटं निघालं तर कोणाला धरायचं ते कळतं. मला ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, चांदीचं मात्र ऐच्छिक आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून हॉलमार्क केलेल्या चांदीलाही सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळू लागला आहे. दागिन्यांवर जीएसटी तीन टक्के. ऐच्छिक आहे म्हणून बिलावर काहीही लिहावं असा त्याचा अर्थ नाही. 999 ची माती वापरली असेल आणि कडी 925 ची असेल तर दोन्ही लिहावं.

ऑनलाइन विकताना सगळ्यात जास्त भांडणं होतात ती मापावरून. जवळून काढलेल्या फोटोत दीड सेंटिमीटरचं पान तळहाताएवढं दिसतं. पांढऱ्या कागदावरचा एक फोटो, गळ्यात किंवा कानात घातलेला एक फोटो आणि मिलिमीटरमधलं माप, एवढं दिलं की निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत. चांदीचा फोटो दुपारच्या उन्हात काढू नका. खिडकीशी, पातळ पांढऱ्या पडद्याआडच्या उजेडात काढा, नाहीतर ती एकतर काळी दिसते नाहीतर आंधळी.

आणि नकलेचं. ही माती हुबेहूब छाप घेते, हा तिचा गुण आणि हाच तिचा धोका. एखाद्याच्या दागिन्यावर सिलिकॉन दाबून साचा काढला की दहा मिनिटांत त्याची प्रत तयार, फक्त आकसल्यामुळे मुळापेक्षा थोडी लहान. विकत मिळणाऱ्या रबरी ठशांच्या नक्षीवरही ज्याचा-त्याचा हक्क असतो. काही कंपन्या हाताने केलेल्या विक्रीच्या मालाला परवानगी देतात, काही देत नाहीत. ठसा घेण्याआधी ते वाचावं. त्यापेक्षा बरं म्हणजे स्वतःचा ठसा करावा. खोडरबरावर ब्लेडने कोरलेली चार वेडीवाकडी फुलंसुद्धा तुमची असतात, आणि दहा स्टॉलवरच्या त्याच-त्या दुकानी नक्षीतून गिऱ्हाईक तीच उचलतं.

करून पाहायचं असेल तर चांदीची पुडी सगळ्यात शेवटी घ्या. आधी शाडू किंवा मुलांच्या खेळण्यातल्या मातीवर लाटणं, कापणं, भोक पाडणं हाताखालून जाऊ द्या. मग 10 ग्रॅमची एकच पुडी, टॉर्च, वीट आणि तारेचा ब्रश. भट्टीचा खर्च पहिले वीस-पंचवीस दागिने पूर्ण किमतीला, ओळखीपाळखीच्या बाहेर विकले गेल्यावरच करा. तोवर ती लागत नाही.